वरची दोन सप्तकं

शहरभरच्या पियानोंचे सूर लावत फिरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरातला पियानो बेसूर व्हावा, याहून मोठी फजिती ती कोणती? बरं, एकदा झाला असता तर समजू. महिन्याभरात ही तिसरी वेळ. सासूबाई सकाळी नेहमीसारख्या पियानोशी बसल्या, बोटं हलकेच उजवीकडे नेत नेत वरच्या टोकाला पोचल्या आणि दाढ दुखावी तसं तोंड करून थांबल्या. स्वयंपाकघरात सून चहा गाळत होती. तिला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. गाळणं हातात तसंच धरून ती पुटपुटली, "मेल्या, परत?"

"अगं, इकडे ये बघू जरा," बाहेरून हाक आलीच.

ती पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत गेली. सासूबाईंनी वरची एक पट्टी दाबली, मग पुन्हा दाबली, आणि तिसऱ्यांदा तर अशी दाबली की जणू त्या पट्टीनंच काही गुन्हा केला असावा.

"ऐकलंस?"

"ऐकलं, आई."

"मग? आता काय म्हणणं आहे तुझं?"

"हवा दमट झालीये. लाकूड फुगतं, मग तारा..."

"मागच्या वेळी हवाच होती. त्याच्या आधी तार नवी होती. पुढच्या वेळी कोण, शेजारी का?"

 नाचता येईना अंगण वाकडं, हे सुनेला ऐकवायचंच बाकी राहिलं होतं, आणि सासूबाई तेवढं बोलल्या नाहीत हेच नशीब. त्या तशा वाईट नव्हत्या. तोंडानं फटकळ, पण पोटात काही ठेवायच्या नाहीत. जन्मभर याच खोलीत त्यांनी मुलांना पियानो शिकवला होता, आणि जिचा कान इतका तयार, तिला बेसूर पट्टी म्हणजे चपलेत शिरलेला खडा. चालताच येत नाही.

"हे बघ," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "रविवारी मुलांचा कार्यक्रम आहे. सगळ्यांचे आईबाप येणार. शनिवारपर्यंत सूर टिकला तर ठीक. नाहीतर मी बाहेरचा माणूस बोलावते. राग मानू नकोस हं."

राग कसला, सुनेच्या पायाखालची जमीनच सरकली. या धंद्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. सूर लावणारे मोजके, पियानो असलेली घरं मोजकी, आणि सगळे एकमेकांना ओळखतात. तिच्याच सासूनं दुसऱ्याला बोलावलं म्हटल्यावर पुढं तिला दारात कोण उभं करणार होतं? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खरं. पण जे पिकतं तेच किडकं आहे असा बोभाटा झाला तर मग कुठंच विकत नाही.

आणि हा धंदा काही तिनं एकटीनं उभा केलेला नव्हता. तो सासऱ्यांचा. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचे. एकदा सहज ती बरोबर गेली, आणि पियानोचं पुढचं फळकूट निघालं तेव्हा आत ओळीनं उभ्या तारा, त्यांच्या डोक्यावर शेकडो लोखंडी खुंट्या, हे पाहून तिनं जो आ वासला तो मिटलाच नाही. सासऱ्यांनी तिला मुलीसारखं शिकवलं. सख्ख्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सूर आणि गाडीचा भोंगा यांतला फरक कळत नसे, त्यामुळे घरात कुणी हेवादावा करण्याचा प्रश्न नव्हता. गुडघे कुरकुरायला लागले तशी सासऱ्यांनी एकेक घर तिच्या हवाली केलं. फक्त घरचा पियानो स्वतःकडे ठेवला. "हा माझ्या मास्तरीणबाईंचा, याला मीच हात लावणार," म्हणायचे. बायकोला ते मास्तरीणबाईच म्हणत. यंदा मात्र तेच म्हणाले, "घे पोरी, आता हाही तुझा." त्या दिवशी तिला झोप लागली नव्हती, इतका आनंद झाला होता. आणि आता हे असं.

सासूबाई भाजी आणायला गेल्या तशी तिनं पियानो उघडला आणि कारण शोधायला बसली. ऊन? खिडकीपासून पियानो केव्हाच लांब सरकवला होता. नवी तार? नवी तार ताणत राहते आणि उतरते, हे खरं, पण नवी तार एकच, तीही मधल्या भागात. खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात त्याला चीर गेली तर तारा सैल पडतात, म्हणून तिनं बॅटरी लावून लाकूड डोळ्यांत तेल घालून पाहिलं. चीर नव्हती. पाना घालून एकेक खुंटी जोखली. जुन्या होत्या, पण पकड होती.

मग तिनं सूर नीट तपासले आणि तिथं घोडं अडलं. मधला भाग किंचित उतरला होता. ते चालायचंच. पण वरची दोन सप्तकं उतरलेली नव्हती. ती चढली होती! तार उतरते, ही तिची जात. दमट हवेनं चढते कधी कधी, पण मग सगळीकडेच चढते, आणि वरच्यापेक्षा मधली जास्त. मधलं उतरावं आणि वरचं चढावं, असा उफराटा प्रकार तिनं कुठल्याच घरात पाहिला नव्हता.

म्हणजे मीच चुकीचं लावलं?  सूर लावणाऱ्याला भीती एकच असते, कान जाण्याची. हात थकला तर विश्रांती घेता येते. कान थकला तर कळतसुद्धा नाही. दुपारी ती काही कारण काढून नाचाच्या शाळेत गेली. तिथला पियानो तिनं त्याच सुमारास लावला होता. वरच्या पट्ट्या एकेक करून वाजवल्या. सगळ्या जिथल्या तिथं, गुणी मुलांसारख्या. तिथली बाई विचारत राहिली, "काही बिघडलंय का हो?" आणि ही आपली हसत म्हणाली, "छे छे, जाता जाता डोकावले."

घरी येऊन तिनं पियानो पुन्हा लावला, वरपासून खालपर्यंत. आणि या खेपेला एक जुनी युक्ती केली. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर खडूनं बारीक रेघ ओढली, सगळ्या रेघा अगदी उभ्या. खुंटी फिरली की रेघ कलणार. मग कोण खरं आणि कोण खोटं, ते खडूच सांगेल.

सासूबाईंचं मंडळ होतं, चार बायका जमून गायच्या. त्यासाठी त्या दुपारच्या बाहेर पडत. मंडळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं तोंड पुन्हा दाढ दुखल्यासारखं झालं. बोलल्या काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

सुनेनं फळकूट काढलं. मधल्या भागातल्या काही रेघा केसभर सैल बाजूला कलल्या होत्या. ती तिची स्वतःची चूक; त्याबद्दल पुढं येईलच. पण वरच्या दोन सप्तकांतल्या सगळ्या रेघा कलल्या होत्या त्या आवळायच्या बाजूला. आता खुंटी आपणहून सैल होते, हे कुणीही सांगेल. आपणहून आवळली गेलेली खुंटी अजून जगात कुणी पाहिलेली नाही. त्याला पाना लागतो, पान्याला हात लागतो. घरात पाने दोन. एक तिच्या पिशवीत, जी तिच्याबरोबर दिवसभर बाहेर असते. दुसरा लाकडी मुठीचा, सासऱ्यांच्या कपाटात.

सुराला हात न लावता तिनं जुन्या रेघा पुसल्या, सगळीकडे नव्या उभ्या रेघा ओढल्या आणि तिथंच स्टुलावर बसली.  राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. बाबांना माझं काम पटत नाही? मग तोंडावर सांगायचं! शिकवताना कधी भीड धरली नाही, आता का? आणि सासूबाईंना सांगावं तर काय सांगायचं? तुमचे अहो तुमच्या पाठीमागं तुमचा पियानो बिघडवतात? ज्या माणसानं तिला भाकरी मिळवायला शिकवलं त्याची फजिती तिच्याच तोंडून? आपलेच दात आणि आपलेच ओठ. न सांगावं, तर शनिवार तोंडावर आला होता, आणि मग बाहेरचा माणूस.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबांनाच विचार की."

"असं कसं विचारू?"

"तोंडानं," म्हणून तो कूस बदलून घोरायला लागला. पुरुषांना सगळं सोपं असतं.

तरी सल्ला काही चुकीचा नव्हता. कार्यक्रमाच्या गडबडीत पुढं जमणार नाही म्हणून सासूबाई पुन्हा मंडळात गेल्या, त्या दिवशी हिनं एक घर पुढं ढकललं आणि भर दुपारी परत आली. दार ढकललं, आणि चपला काढता काढता थबकली. आतून एकच पट्टी वाजत होती. वरच्या भागातली. टण्. थोडं थांबून पुन्हा टण्. तिनं तो हात ओळखला. असं सावकाश, एकेक तार मायेनं वर नेणं ती त्याच हाताकडून शिकली होती. सूर चढत चढत आला, बरोबर जागेवर आला. आता थांबतील, असं तिला वाटलं. थांबले नाहीत. सूर ओलांडून पुढं गेला, अजून थोडा गेला, आणि तिथं, जिथं तिच्या कानाला करकर होत होती, तिथं सासऱ्यांनी समाधानानं "हां!" म्हटलं.

भिंतीला हात टेकून ती तशीच उभी राहिली. तिच्या सगळ्या रागाचं पाणी झालं. बाबांना ते खरंच बरोबर वाटत होतं.

"बाबा."

सासरे असे दचकले की जणू साखरेच्या डब्यात हात घातलेलं पोरच. पाना पाठीमागं लपवायला गेले आणि तो फळकुटावर आपटला.

"लवकर आलीस? मी आपलं... धूळ झटकत होतो."

"पान्यानं?"

ते ओशाळून हसले. मग खाली बघत म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, पोरी. तुझं बाकी सगळं चोख आहे. फक्त वरचं जरा उतरलेलं राहतं. मास्तरीणबाई तुला बोलतात ते मला ऐकवत नाही. म्हटलं, त्या बाहेर गेल्या की गुपचूप नीट करून ठेवावं. तुझा मान राहील, त्यांचा कान राहील."

घ्या! म्हणजे हे सगळं रामायण तिचा मान राखायला चाललं होतं. तिला हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं.

पण आता सांगायला हवं होतं, आणि तेही तिनंच. ती सगळ्यात वरच्या पट्टीपाशी गेली. त्या सुराच्या तीन तारांमध्ये तिनं नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, तुकडा खोचला, म्हणजे तारा वाजणारच नाहीत, नुसती हातोडी आपटेल. पट्टी दाबली. टक्.

"ऐकू आलं?"

"आलं. टक्."

तिनं नमदा काढला. पुन्हा पट्टी दाबली. बारीक, चांदीच्या घुंगरासारखा सूर खोलीत उमटला आणि विरला.

"आता?"

"टक्," सासरे म्हणाले. मग तिच्याकडं बघितलं. "काढलास नमदा?"

तिनं हातातला नमदा दाखवला.

"परत वाजव."

तिनं वाजवलं. त्यांनी मान तिरकी करून कान पियानोला लावला. तिनं एकेक पट्टी खाली खाली येत वाजवली. बऱ्याच खाली आल्यावर त्यांचा चेहरा बदलला, आणि कुठवर ऐकू येत नव्हतं ते दोघांनाही कळलं. जन्मभर ज्या कानावर त्यांनी घर चालवलं, त्याचा वरचा मजला कधी रिकामा झाला त्यांना पत्ताच लागला नव्हता. सूर समजून ते हातोडीचं बोथट आपटणं ऐकत होते, ते उतरलेलं वाटायचं आणि ते खुंटी आवळत जायचे.

 सासऱ्यांनी पाना स्टुलावर ठेवला. "म्हणजे बिघडवत मीच होतो," ते म्हणाले. "आणि बोलणी तू खात होतीस."

"बाबा, असं नका म्हणू हो."

"तिला सांगू नकोस तेवढं."

"नाही सांगणार. पण एक बघा इकडे." तिनं त्यांना खडूच्या रेघा दाखवल्या. "या वरच्या तुम्ही गेल्या खेपेला आवळलेल्या. नंतर मी नव्या रेघा ओढल्या. आज तुम्ही हात लावायला घेतला त्या सोडल्या तर एकही हललेली नाही. आणि या मधल्या माझ्या. सगळ्या ढेपाळल्या."

सासऱ्यांनी चष्मा सरकवून पाहिलं आणि बघता बघता त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "किती वेळा सांगितलं तुला! सूर थोडा वर न्यायचा आणि मग खाली आणून खुंटी बसवायची. तू खालून वर नेतेस आणि सोडून देतेस. नवीन पियानोत खपतं, या म्हाताऱ्यात कसं खपेल?"

"दिवसाला किती घरं उरकायची असतात, बाबा."

"उरकायची? पियानो आहेत का खरकटी भांडी?"

खूप दिवसांनी त्यांनी तिला असं झापलं, आणि तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तिनं पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

"कान माझा, हात तुमचा. आई यायच्या आत."

मग दोघं बसले. ती पट्टी दाबायची आणि डोळे मिटून ऐकायची. "वर... अजून... जरा पुढं गेलात... आता खाली बसवा... बस्स." ते पान्यावर दोन्ही हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघायचे. त्यांच्या कानाला काहीच कळत नव्हतं, पण खुंटी लाकडात कधी घट्ट बसली ते मनगटाला कळत होतं, आणि ते तिला अजून कधीच इतकं नेमकं कळलं नव्हतं. मधला भाग तिनं स्वतः लावला, ते शेजारी बसून प्रत्येक खुंटीला तिला टोकत होते. सासूबाईंची चावी दारात वाजली तेव्हा फळकूट जागेवर होतं आणि दोघं जण शहाण्यासारखे मटार सोलत होते.

शनिवारी सूर टिकला. रविवारीही टिकला. मुलं आली, आईबाप आले, खुर्च्या कमी पडल्या, एका पोरीनं तर पियानोवर असा दणका घातला की सुनेनं डोळे घट्ट मिटून घेतले. एकही तार हलली नाही. सगळे गेल्यावर सासूबाईंनी बोटं सावकाश वरच्या टोकापर्यंत नेली, परत आणली, आणि वळून सुनेकडे बघितलं.

"टिकला हो! झकास लागलाय. अगं, काय झालं होतं तरी काय?"

"खुंट्या सैल होत्या, आई. माझ्याकडून नीट बसत नव्हत्या."

ते खोटं नव्हतं. पण कोपऱ्यातून सासरे म्हणाले, "अर्धंच सांगतेय ती." आणि खुर्च्या रचता रचता त्यांनी सगळं सांगून टाकलं. कपाटातला पाना, मंडळाच्या दुपारी, नमद्याचा टक् आणि बिननमद्याचा टक्. सांगताना आवाज स्थिर होता. हातातली खुर्ची मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

सासूबाई भडकल्याच. "कमाल आहे तुमची! महिनाभर मी या पोरीला टाकून बोलत होते आणि तुम्ही मूग गिळून बसलात? आणि तू गं? तोंड नव्हतं तुला? बाहेरचा माणूस म्हणे बोलावणार होते मी! यापुढं या पियानोला तुम्ही दोघांनीच हात लावायचा. बाहेरचा कुणी दारात उभा राहिला तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही." आणि त्यांनी सुनेचा हात असा दाबला की बांगडी रुतली. सुनेचा जीव भांड्यात पडला.

मग सासूबाईंनी एकदम तो हात सोडला. काहीतरी आता कुठं त्यांच्या ध्यानात येत होतं.

"म्हणजे अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज संध्याकाळी वाजवते, तुम्ही त्या खुर्चीत बसता... ते वरचं तुम्हाला..."

"बोटं दिसतात ना तुमची," सासरे म्हणाले. "बाकीचं पाठ आहे मला."

 सासूबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांचं रोजचंच, वरच्या पट्ट्यांवरचं गाणं सुरू केलं. दोन ओळी वाजवून थांबल्या. स्टूल डावीकडे ओढलं, दोन्ही हात दोन सप्तकं खाली आणले, आणि तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. खाली ते जाडंभरडं लागत होतं, बोटंही एक-दोनदा अडखळली. सासऱ्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसून ऐकायला लागले.